लोळा हरवलेली घंटा

मी एक जुनी घंटा आहे. काशाची, कमरेएवढी उंच आणि स्वभावानं जरा फटकळ. मित्रांनो, मध्यंतरी कित्येक वर्षं मला तोंडातून ब्र काढता आला नव्हता. तेव्हा आज मी जरा जास्त बोलले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. त्यानं मला साच्यातून काढलं, घासूनपुसून लख्ख केलं आणि बोटानं एक टिचकी मारली. मग कितीतरी वेळ कान लावून ऐकत राहिला. “पोरगी खणखणीत आहे,” तो म्हणाला. “हिला घरात कोंडू नका. मोकळ्यावर द्या.” बापानं केलेलं ते कौतुक मी अजून विसरलेले नाही.

माझी रवानगी झाली एका रुंद नदीच्या धक्क्यावर. तेव्हा नदीवर पूल नव्हता, सगळी ये-जा नावेतून. हिवाळ्यात असं दाट धुकं पडायचं की नावाड्याला स्वतःच्या नावेचं टोक दिसायचं नाही. मग मी आवाज द्यायचे आणि त्या आवाजाच्या रोखानं नावा काठाला लागायच्या. माझ्या पोटात लोखंडाचा लोळा लोंबत असे. त्याची दोरी ओढली की तो माझ्या अंगावर आदळायचा. आमचं भांडण जितकं जोरात, तितकं नावेतल्या माणसांना बरं वाटायचं!

दोरी ओढायचं काम होतं एका नावाड्याच्या बायकोकडे. धक्क्यालगतच त्यांचं घर होतं. तिचा ठोका ठरलेला. दोन ठोके जोडीनं, मग जरा दम खाऊन तिसरा. नावाडी भर पाण्यात मान वर करून प्रवाशांना सांगायचा, “हा आमच्या घरचा ठोका!” नाव बांधून झाली की माझ्याकडे बघत म्हणायचा, “आलो गं बाई, आलो! किती ओरडशील?”

“कोणाला म्हणालात?” ती डोळे वटारून विचारायची.

“तुला नाही गं, घंटेला!”

रोजचंच होतं हे, पण दोघं रोज नव्यानं हसायची. मलाही फार मजा यायची. 

पुढे पूल झाला आणि नावा बंद पडल्या. मला कोणी विचारेना. अंगावर हिरवट डाग चढले, कावळ्यांनी मला बसायची जागा करून टाकलं. चोरांनी मात्र आठवण ठेवली होती. एकदा आले, उचलून पाहिलं आणि कंबर धरून परत गेले.

एक दिवस सांस्कृतिक वारसा खात्याची गाडी आली. सरकारी खातं म्हटलं की लोक नावं ठेवतात. मी ठेवणार नाही. त्यांनी मला लहान बाळासारखं मऊ ब्रशनं धुतलं. चाकं लावलेल्या भक्कम लाकडी चौकटीला टांगलं. धक्क्यासमोरच्या जुन्या जकात कचेरीत त्यांनी संग्रहालय केलं होतं, तिथं मला जागा दिली. तिथल्या संग्रहपाल बाई चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या, पण मनानं लोण्यासारख्या. माझ्यावर धूळ बसली तर स्वतः पुसायच्या.

पण खात्याची एक रीत होती. काशाच्या वस्तू एका दालनात, लोखंडाच्या दुसऱ्या. लोखंडाचा गंज काशाला लागू नये, हा त्यातला चांगला हेतू. त्यामुळे मी इथं येण्याआधीच खात्याच्या कार्यशाळेत माझा लोळा काढून घेतला गेला. तो निघाला एका गाडीतून, मी दुसऱ्या. त्याची सोय झाली अंगणापलीकडच्या लोखंडाच्या दालनात. मी आले काशाच्या दालनात, दोन पातेल्यांच्या मध्ये. बिनलोळ्याची घंटा म्हणजे तिसरं पातेलंच, फक्त उलटं टांगलेलं!

सहलीची मुलं यायची. “बापरे, केवढी मोठी! वाजते का हो?”

“वाजत नाही,” शिपाई ऐटीत सांगायचा. “ती वारसा आहे.”

असा अस्सा राग यायचा मला! पण बोलणार कशानं?

मग हिवाळ्यातल्या एका सकाळी दार उघडलं आणि एक म्हातारी बाई आत आली. केस पांढरे झाले होते, पण दोरी ओढणारे ते हात मी लगेच ओळखले. ती नावाड्याची बायकोच होती.

“मॅडम,” तिनं बाईंना विचारलं, “ही घंटा एकदा वाजवता येईल का?”

“आजी, ही संरक्षित वस्तू आहे. काही कार्यक्रम आहे का तुमच्याकडे?”

“कार्यक्रम कसला आलाय! आमचे हे वर्षभरापासून सगळं विसरायला लागलेत. मला पण ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारतात. धुकं पडलं की उठतात आणि धक्क्यावर जाऊन बसतात. त्यांना वाटतं, आपण अजून नावेतच आहोत. उठवायला गेलं की म्हणतात, ‘घंटा झाली नाही, काठ आलेला नाही.’ ऊन येईपर्यंत तिथंच, त्या गारठ्यात. मागच्या खेपेला न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा झाला तर झेपायचा नाही.” तिनं पदरानं डोळे टिपले. “आत्ताही तिथंच बसलेत. मुलगा आहे जवळ, पण त्याचं ऐकतील तर ना.”

बाई माझ्यापाशी आल्या. वाकून माझ्या पोटात बघितलं. “पण आजी, ही वाजणार कशी? आत तर काहीच नाही.”

“अगंबाई! लोळा कुठं गेला हिचा? हातभर लांब, खाली गोळा, वर कडी?”

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्या धावतच अंगणापलीकडे गेल्या आणि लोळ्याला दोन्ही हातांनी छातीशी धरून परत आल्या. त्यांच्या नव्या स्वेटरला तेलाचे डाग पडले होते.

“हा का?”

“हाच की हो!”

“याच्या चिठ्ठीवर मीच लिहिलंय, लोखंडी दांडा, उपयोग अज्ञात,” असं म्हणून बाई मटकन खुर्चीत बसल्या. मला त्यांची दया आली. काम करणाऱ्याच्याच हातून चुका होतात हो.

मग त्यांनी वरच्या साहेबांना फोन लावला.

“वाजवायची परवानगी? अहो, संरक्षित वस्तूवर आघात करता येत नाही.” साहेबांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. बाईंनी धक्क्यावरच्या आजोबांची सगळी हकिगत सांगितली.

“घंटेला तडा गेलाय की नाही, हे कसं तपासतात?” साहेबांनी एकदम विचारलं.

“वाजवून बघतात, साहेब.”

“मग तपासा की! ते काय मला विचारून करणार?”

शिपाई आणि बाई, दोघांनी मला ढकलत व्हरांड्यात आणलं. लोळा आत अडकवला, त्याला दोरी बांधली. किती वर्षांनी भेटत होतो आम्ही! आजीनं दोरी हातात घेतली. पहिला ठोका घोगरा निघाला, मलाच लाज वाटली. मग तिनं पाय रोवले आणि जोर लावला. दोन ठोके जोडीनं, मग जरा दम खाऊन तिसरा. पुन्हा दोन, पुन्हा तिसरा.

बाहेर सगळं पांढरं होतं. मला काही दिसत नव्हतं. आजी थांबली नाही. आणि मग दगडी पायऱ्यांवर काठीचा आवाज आला.

“आलो गं बाई, आलो! किती ओरडशील?”

आजीच्या हातून दोरी सुटली. “कोणाला म्हणालात?” तिनं कसंबसं विचारलं.

धुक्यातून आजोबा पुढे आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“तुला नाही गं, घंटेला,” ते म्हणाले आणि तिचा हात धरून घराकडे चालू लागले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांची धूळ पुसा, पण त्यांना त्यांचं काम करू द्या. त्यांची वाट बघणारं कोणीतरी बाहेर गारठ्यात बसलेलं असू शकतं. आता लोळा माझ्याच पोटात असतो. गंज धरू नये म्हणून बाई त्याला तेल लावतात, आणि धुकं पडलं की खात्याकडून माझी तपासणी होते. आजही बाहेर पांढरं दिसतंय. आजी आली वाटतं. चला, मला ओरडायचंय.