पोरीचा छंद, पोराचा धंदा

बॅगेची चेन अडकली की माणूस आधी ओढतो, मग चिडतो आणि शेवटी नवी बॅग घेतो. या घरात मात्र अडकलेली बॅग थेट धाकटीकडे जायची. विद्यापीठात शिकता शिकता बॅगा दुरुस्त करण्यात तिचा हात असा बसला होता, की वसतिगृहातल्या मुली, त्यांच्या मैत्रिणी, मैत्रिणींचे मामा, सगळ्यांच्या बॅगा तिच्या खोलीत येऊन पडायच्या.

म्हणून तर विद्यापीठानं फाटकाजवळचा रिकामा गाळा तिला देऊ केला. उद्यापर्यंत कळवायचं होतं. आणि ही बया म्हणाली, "नको."

नसती कटकट टळली म्हणून वडिलांना आधी हायसं वाटलं. मग डोक्यात किडा वळवळायला लागला. पोर कामचुकार नाही, भित्री तर मुळीच नाही. मग नको का? त्यांनी विचारलंच.

"गाळा धंदेवाल्यांसाठी असतो ना, बाबा," चेनचा रनर पकडीनं दाबत ती म्हणाली. "माझा आपला छंद."

चहा पीत बसलेल्या आत्याला हसू आलं. "दादा, हा शब्द हिला कुणी शिकवला?"

"कुणी म्हणजे? आपण सगळे तसंच म्हणतो."

"तेच तर! थोरला वर्षभर हवेत इमले बांधतोय, तरी तू चारचौघांत सांगतोस, मुलगा धंदा काढतोय. हिच्या दारात गिऱ्हाईक उभं, तर म्हणे पोरीला छंद आहे. ती गिऱ्हाइकाकडे पैसे मागायला गेली तर तूच आडवा येतोस. वर विचारायचं, मुलींना धंद्यात रस का नाही? रस असतो रे. आपणच त्याला दुसरं नाव ठेवतो आणि मग मुलींना नावं ठेवतो."

वडिलांना बोलणं झोंबलं. खोटं म्हणून नव्हे, खरं म्हणून.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे मास्तर भलीमोठी सुटकेस घेऊन आले. "पोरीला वेळ असेल तर बघेल का जरा?"

एरवी वडील म्हणाले असते, "ठेवून जा हो, घरचंच आहे." आज तोंडाशी आलेलं वाक्य त्यांनी गिळलं. "या, बसा. मुलीचा धंदा आहे हा. किती घेणार, ते तिलाच विचारा."

धाकटीचे हात थांबले. बाबा थट्टा तर करत नाहीत ना, हे तिनं निरखून पाहिलं. मग सुटकेस उलटीपालटी करून भाव सांगितला. मास्तर घासाघीस करू लागले, तेव्हा वडिलांची जीभ काय शिवशिवली! पण ते बोलले नाहीत, आणि पोरीनं भाव सोडला नाही.

मास्तर गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, गाळा बघायला उद्या माझ्याबरोबर याल?"

मंडळी, आपल्या मुलींना धंदा शिकवायचा तेव्हा शिकवू. त्या करताहेत त्याला धंदा म्हणायला आधी आपण शिकू या.