शेंदराखालचा गोळा

मित्रांनो, सगळ्यांत आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढं घोटाळा नको. मी देव नाही. माझ्यापुढं नारळ फोडू नका, अगरबत्ती लावू नका, परीक्षेचे मार्क मागू नका. मी एक जुना लोखंडी गोळा आहे. वजन चार किलो. मुली मैदानावर जो गोळा फेकतात ना, तोच. आज माझ्या अंगावर बोटभर शेंदूर आहे, त्यावर चांदीचे डोळे चिकटवलेत, आणि डोक्यावर आमदार निधीतला सभामंडप आहे. पण आत मी तोच आहे, आणि आत मला फार कोंडल्यासारखं होतं.

माझा जन्म दूर मेरठकडच्या एका भट्टीत झाला. लाल रस साच्यात ओतला, थंड झाल्यावर लेथवर फिरवून गुळगुळीत केला. काट्यावर ठेवलं तर मी जरा हलका भरलो. मग कारागिरानं माझ्या पोटाला भोक पाडून शिसं ओतलं आणि तोंड बुजवलं. तेव्हापासून मी आकारानं लहान आणि जिवानं जड आहे.

मला पुसदकडच्या एका तांड्यावर आणलं विठ्ठलरावांनी. ते तिथल्या आश्रमशाळेत पीटीचे मास्तर होते. शाळेनं त्यांना क्रिकेटचं सामान आणायला पाठवलं होतं आणि ते पिशवीत मला घेऊन परतले. हेडमास्तरांनी मला टेबलावर ठेवलेलं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"विठ्ठलराव, हा तोफेचा गोळा कायले आणला?"

"सर, बॅट एक पोरगं धरते अन् बाकीचे उन्हात उभे राह्यते. हा सगळ्याइले पुरते."

शाळेमागं माळ होता. मुरमाड, पडीक, कडेला एक कडुनिंब. विठ्ठलरावांनी तिथं स्वतःच्या हातानं सिमेंटचं सर्कल घातलं, समोर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या. बस, एवढंच मैदान. आणि त्या मैदानावर एक दिवस भावसिंग राठोडची रंजिता आली. डोक्यावर पाण्याचा हंडा, कमरेला कळशी, आणि तशीच थांबून बघत राहिली. विठ्ठलराव म्हणाले, "हंडा खाली ठेव अन् हे उचल."

तिनं मला तळहातावर घेतलं.

"काहून वं, भाकर थापून राह्यली का? बोटाच्या मुळाशी घे. मानीले लाव."

"सर, थंडा लागते."

"लागू दे. त्याले तुही मान गरम लागत असन."

गरम लागलीच, मित्रांनो. जबड्याखाली जिथं मी टेकलो तिथं तिची नाडी उडत होती. धडधड, धडधड, पिंजऱ्यात लावा पाखरू कोंडावं तशी. मग ती मागं सरकली, पाय रोवला, कंबर फिरली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा उडालो. मुरमात पडलो तेव्हा खड्डा पडला. त्या खड्ड्यात मला जो आनंद झाला तो पुन्हा कुठल्या आरतीत झाला नाही.

पुढची वर्षं माझी कामाची. ऊन, चिखल, थंडी, रोज. तिच्या मानेवर माझा काळा डाग बसला तो जाईना. तिची याडी, म्हणजे आई, धनीबाई दगडानं घासून थकली. विहिरीवरच्या बाया टोमणे मारायच्या, "रंजी, हे वजन सासरी नेशील का वं?" रंजिता म्हणायची, "नेईन. सासू जास्त बोलली का पायावर टाकीन." बाया हसून हसून दोर सोडायच्या.

ती जिल्ह्यात जिंकली, राज्यात जिंकली, देशात जिंकली. रेल्वेत नोकरी लागली. आणि मग एक दिवस ऑलिंपिकला गेली. मी गेलो नाही. तिथं तिथलेच गोळे असतात, चकचकीत. मी माळावरच राहिलो. त्या दिवशी अख्खा तांडा आश्रमशाळेच्या टीव्हीपुढं बसला होता. धनीबाईला टीव्हीकडं बघवेना. ती माळावर आली, मला पदरानं पुसलं, हळदीकुंकू लावलं, पुढं नारळ ठेवला आणि म्हणाली, "पोरीचा हात धरजो, बापा."

माझ्या जन्माची माती झाली ती त्या कुंकवानं. आणि धनीबाईला मी दोष कसा देऊ? तिच्याजवळ लेकीला द्यायला दुसरं काय होतं?

रंजिताला पदक मिळालं नाही. ती शेवटच्या फेरीतही नव्हती. पण तांड्याची पोरगी तिथवर गेली म्हणून लोकांनी डफ फोडले नाचून. मिरवणूक निघाली. पुढं जीप, जीपवर रंजिता, आणि मागं ताटात मी. खेमसिंग नाईक तांड्याचे मुखिया. त्यांनी तिथंच जाहीर केलं, "हा गोळा पावला आपल्याले. आता कोनी फेकायचा नाही. पायात येईन." कुणीतरी शेंदूर आणला. सिमेंटचं सर्कल आयतंच होतं, त्यावर विटांचा ओटा बांधला आणि मला त्यावर बसवलं.

विठ्ठलराव तोवर रिटायर होऊन पुसदला राहायला गेले होते. ते सायकलवर आले आणि बघतच राहिले.

"अरे लेकहो, सर्कलवर ओटा बांधला? पोरी आता फेकतीन कुठून?"

"मास्तर, देवापुढं चप्पल काढा," खेमसिंग म्हणाले.

फेकणाराच नाही तर गोळा कशाचा? मी बसून राहिलो. शेंदरावर शेंदूर चढत गेला.

मग रंजिताच्या गुडघ्यानं दगा दिला आणि तिचा खेळ संपला. तिचा नवरा राजकुमार रस्त्यांचा ठेकेदार. त्याला राजकारणातलं सगळं कळत होतं, खेळातलं काही नाही. निवडणुकीत तिला तिकीट मिळालं. प्रचाराचा नारळ माझ्यापुढं फुटला. ती माळावर उभी राहून बोलली. जन्मभर माझ्याशी 'मले, तुले' बोलणारी पोरगी माईकवर पुस्तकासारखं बोलत होती, "बंधूंनो आणि भगिनींनो, मी गोळा लांब फेकला, आता गरिबी लांब फेकेन. या माझ्या मैदानावर मुलींसाठी क्रीडा संकुल उभं राहील. या गोळ्याची शपथ." टाळ्या पडल्या. मीही फसलो. लोखंडाला अक्कल किती असणार?

ती आमदार झाली. कोनशिला बसली. त्या कोनशिलेवर दुपारी शेळ्या बसायच्या, आणि तेवढाच तिचा उपयोग खरा होता. संकुलाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. ज्यानं काढलं त्याला राजकुमारच्या माणसांनी विचारलं, "तू कोनत्या पार्टीचा?"

असाच मी सडत होतो, तेव्हा जमनी आली. रुपीबाईची नात. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि ती आजीजवळ राहून शाळा शिकायची. दांडगी पोरगी. तिनं विठ्ठलरावांना पुसदच्या बाजारात गाठलं आणि विचारलं, "मास्तर, रंजिताताईले शिकवलं तसं मले शिकवता का?" म्हातारा पुन्हा सायकलवर येऊ लागला. गोळा नव्हता, कारण गोळ्याचा देव झाला होता. म्हणून ओढ्यातला एक वाटोळा दगड घेतला. ओट्याच्या बाजूला काठीनं गोल काढायचे आणि ती दगड फेकायची. मी चांदीच्या डोळ्यांनी बघत बसायचो. दगड हातातून सटकायचा, वेडावाकडा जायचा. मी मनात ओरडायचो, अगं, मी इथं आहे!

जिल्ह्याच्या निवडीचा दिवस जवळ आला. विठ्ठलराव म्हणाले, "पोरी, तिथं खरा गोळा येईन हातात. एकदा तरी वजनाची सवय पायजे." एवढंच म्हणाले. मला चोरून उचल, असं ते म्हणाले नाहीत.

त्या मे महिन्यात यवतमाळचं ऊन तुम्हाला काय सांगू! भर दुपारी माझ्या अंगावरचा शेंदूर तडकला आणि सालपटासारखा खाली पडला. देवाची खोळ सुटली म्हणतात त्याला. कित्येक वर्षांनंतर माझ्या काळ्या अंगाला वारा लागला. जमनी विठ्ठलरावांजवळ निंबाखाली बसली होती. ती उठली, जवळ आली, वाकली. तिनं मला ओळखलं. इकडंतिकडं बघितलं नाही की हात जोडले नाहीत. बोटांच्या मुळाशी घेतलं, मानेला लावलं. तीच नाडी, मित्रांनो! धडधड, धडधड. आणि मी उडालो. सगळ्या तांड्याच्या डोक्यावरून उडाल्यासारखा उडालो आणि कोनशिलेच्या पलीकडं जाऊन मुरमात रुतलो. विठ्ठलराव रडत होते आणि टाळ्या वाजवत होते.

टाळ्यांचा आवाज खेमसिंगनं ऐकला.

पंचायत बसली. देव फेकला, देवाचा कोप होईल, पाऊस दडी मारेल, अमक्याची म्हैस आताच आजारी पडली. रुपीबाई पाया पडत होती. "लेकरू हाय, नाईक. तिले गोळा वाटला." खेमसिंग म्हणाले, "गोळा वाटला? तिच्या बापाचा हाय का?" शेवटी ठरलं, ज्याचा गोळा त्यालाच विचारू. आमदारताईला बोलवा. ती म्हणेल गोळा, तर पोरगी नेईल. ती म्हणेल देव, तर दंडाचा बोकड, आणि पोरीनं पुन्हा माळावर पाय ठेवायचा नाही.

निवडणूक तोंडावर होती. ताई आल्या. पांढरी गाडी, मागं आणखी गाड्या. विठ्ठलराव पुढं झाले. त्यांनी ताई म्हटलं नाही.

"रंजिता, हा काय हाय ते तुले मालूम हाय अन् मले मालूम हाय. मोठ्यानं सांग फक्त. एक शब्द. ही पोरगी तुह्यापेक्षा लांब फेकते."

रंजितानं जमनीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग वाकून तिनं मला उचललं.  मला वाटलं, तळहातावर घेईल, ताटातल्या मूर्तीसारखं. नाही. बोटं आपोआप पसरली, मी मुळाशी बसलो, कोपर वर गेलं, आणि मी मानेला टेकलो. मान आता मऊ झाली होती, सोन्याची साखळी मध्ये आली होती. पण त्या मानेखाली तीच नाडी उडत होती. तिला सगळं आठवत होतं. हंडा, थंडी, काळा डाग. तिचा उजवा पाय मातीत जरा फिरलासुद्धा. मी म्हणालो, फेक. रंजी, एकदा फेक. फेकलंस की मी गोळा आहे हे सांगायचीही गरज नाही.

लोकांनी मोबाईल वर धरले होते. राजकुमार तिच्या मागं येऊन हळूच म्हणाला, "पुरा तांडा बघून राह्यला. मंडपाचं बोल."

नाडी तशीच उडत होती. हात मात्र खाली आला.

"बंधूंनो आणि भगिनींनो," ती म्हणाली, पुस्तकासारखं, "देव उन्हात होता म्हणून त्याची खोळ सुटली. चूक या लेकराची नाही, आपली आहे. याच जागेवर मी भव्य सभामंडप देते." आणि तिनं मला ओट्यावर ठेवून डोकं टेकलं. तिच्या कपाळावर उरलेला शेंदूर लागला. फोटो छान आला म्हणतात.

विठ्ठलरावांनी सायकल उचलली. जाता जाता रंजिताकडं बघून एवढंच म्हणाले, "मीच शिकवलं इले." ते पुन्हा आले नाहीत.

ताईनं चूक नाही म्हटलं तरी रुपीबाईचा बोकड दंडात गेलाच. माझ्यावर पुन्हा शेंदूर चढला. मंडप राजकुमारच्याच ठेक्यात झाला, आणि त्याच्या खांबांखाली माळ संपला. आता फेकायचं म्हटलं तर फरशी आहे. निवड झाली तेव्हा जमनी गेली नाही. दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, कोयता घेऊन.

परवा ती परत आली. मी पावलं ओळखली, जड, रोवून पडणारी. वाटलं, येईल आणि उचलेल. एवढ्या मोठ्या मंडपात दुपारी कुणी नव्हतं, दाराला कुलूप नव्हतं. ती माझ्यासमोर आली. उसाच्या पाचटानं चिरलेले हात होते. ते हात तिनं माझ्यापुढं जोडले, डोळे मिटले, आणि म्हणाली, "चुकी झाली देवा. माफ करजो."

मित्रांनो, तुमच्या गावातही कुणीतरी असा एखादा गोळा, एखादं मैदान, एखादं माणूस शेंदूर फासून बसवलं असेल. त्याला हात जोडू नका. खरवडून बघा, आत काय आहे ते. देव असतो तर मी त्या दिवशी आपणहून उठलो असतो आणि त्या पोरीच्या हातात जाऊन बसलो असतो. पण मी गोळा आहे. मला कुणीतरी उचलावं लागतं.