हिरवा वर

“अक्का, तो झेंडा स्वल्प खाली काढा! माझा हात चुकला की हो!”

जयसिंगराव शिंपी फाटकातूनच ओरडत आले. शहरातल्या चिकपेटहून दोन बस बदलून बोम्मसंद्र्याला आमच्या कारखान्यावर पोचले होते, हातात सुईदोऱ्याचा डबा. माझ्या आजोबांच्या वयाचे, पण इथल्या कानडी रीतीने मला अक्का, म्हणजे ताई, म्हणायचे. सकाळचे नऊ वाजले होते. दहाला इथिओपियाचं शिष्टमंडळ आमच्या पंपांच्या कारखान्याशी करार करायला येणार होतं. १९९७ साल, मी पुण्याहून येऊन जेमतेम सहा महिने झालेले, आणि सगळी व्यवस्था माझ्याच गळ्यात.

मी वर पाहिलं. लाल, पिवळा, हिरवा आणि मधोमध निळ्या चकतीत तारा. काय वाईट होतं?

“त्यांचा हिरवा वर असतो.” जयसिंगरावांनी नमुन्याचं चित्र माझ्यापुढे धरलं. “चाळीस वर्षं तिरंगा शिवतोय, अक्का. हिरवा आपोआप खालीच जातो.”

झेंडा मीच तपासून घेतला होता आणि माझ्याही डोळ्यांना हिरवा खालीच शोभला होता!

“मग उलटा बांधा,” आमचे मॅनेजर गुरुराज घड्याळ बघत म्हणाले.

“तारा उलटा होईल की, सार.”

“कोण बघतंय?”

“ज्यांचा आहे ते बघतील,” म्हणत जयसिंगराव पायरीवर बसले. मी उतरवून दिलेला झेंडा मांडीवर घेतला, जमिनीला लागू नये म्हणून एक टोक मला धरायला लावलं आणि झेंडा फिरवल्यावर तारा सुलटा यावा म्हणून चकती उसवू लागले. एरवी मी त्यांच्या मराठीला हसायची. त्या दिवशी टोक धरून त्यांच्याशेजारी बसले.

पाहुणे नेमके वेळेआधी आले. चकती अर्धीच टाचली होती. गुरुराज पुढे होऊन “लास्ट मिनिट फिनिशिंग” असं काहीतरी सांगू लागले, तर जयसिंगराव उठून उभे राहिले.

“माय मिस्टेक,” त्यांनी छातीवर बोट ठेवलं. “युवर ग्रीन टॉप. आय पुट बॉटम.”

झालं, करार गेला, असंच मला वाटलं. शिष्टमंडळाच्या प्रमुख एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी पर्स सहकाऱ्याकडे दिली, सरळ माझ्याशेजारी पायरीवर बसल्या आणि झेंड्याचं दुसरं टोक धरलं. “टेक युवर टाइम,” त्या म्हणाल्या. बाकीचे सूटबूटवाले वीस मिनिटं उन्हात उभे राहिले.

शेवटचा टाका पडला तशी बाईंनी खांबाची दोरी जयसिंगरावांच्या हातात दिली. ते मागे सरकले. “नको, नको. मी शिवणारा. चढवणारे मोठे लोक असतात.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी दोरी काही परत घेतली नाही.

शेकडो झेंडे शिवून त्यांनी आजवर एकही चढवला नव्हता. त्यांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि दोरी ओढू लागले. हिरवा वर गेला. मला त्यांचा अभिमान वाटला, घरच्या माणसाचा वाटावा तसा.

दोरी खांबाला बांधायची मात्र त्यांना येईना. “अक्का, हे कसं बांधतात?” त्यांनी हळूच विचारलं.

मी गाठ दाखवली.