सुलाबाईच्या आबांचं ताट

माझ्या खानावळीतलं जेवण वाईट होतं, हे मी आधीच कबूल करून टाकतो. सांगलीला विश्रामबागेत, कॉलेजच्या मागच्या रस्त्याला, चौऱ्याहत्तर साली मी ती काढली. कराडजवळच्या आमच्या गावात ऊस होता, पण आम्ही भाऊ चौघे, आणि मला उसात राबायचा पहिल्यापासून कंटाळा. गल्ल्यावर बसून हुकूम सोडायचे आणि लोकांनी आपणहून जेवायला यायचं, एवढाच माझा त्या धंद्याबद्दलचा विचार होता.

स्वयंपाकाला मी चुलतभाऊ नाथाजीला आणला. तो सतरा वर्षं पलटणीच्या लंगरात होता. दीडशे जवानांची डाळ एकटा शिजवायचो, असं तो छाती काढून सांगायचा. ते खरंच असणार, कारण वीस माणसांची डाळ त्याला कधीच जमली नाही. मीठ तो मुठीने टाकायचा. त्याची चपाती दुमडून ठेवली तर आपली आपण उलगडायची. चव बघायची त्याला सवयच नव्हती. ताट समोर आलं की खायचं, त्यात बघायचं काय, असं त्याचं म्हणणं.

कॉलेजची पोरं कुरकुरायची, आमटीत डाळ शोधायला गळ टाकू का म्हणून विचारायची, आणि जवळपास दुसरी खानावळ नसल्यामुळे संध्याकाळी परत इथेच यायची. मीही हसण्यावारी न्यायचो. खोटं कशाला सांगू, मला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते हरिबामुळे.

हरिबा म्हसवडकडचा धनगर. साठीचा, उंच, डोक्याला लाल पटका. चार-सहा महिन्यांतून एकदा तो घोंगड्या विकायला सांगलीच्या पेठेत यायचा आणि दुपारी विश्रामबाग गाठायचा, कारण माझ्या खानावळीमागच्या दोन खोल्यांत त्याची लेक सुलाबाई राहायची. जावई दादासो एका हापिसात शिपाई होता. आमचं परस एकच. माझ्या मोरीचं दार आणि तिच्या स्वयंपाकाच्या खोलीचं दार अगदी समोरासमोर होतं.

लेकीच्या दारापर्यंत येऊन हा माणूस जेवायला मात्र माझ्याकडे बसायचा. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचा घास तर सोडाच, पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. आमच्याकडेही जुनी माणसं पाळतात. साधारण वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न असतो, त्यामुळे कुणाला जड जात नाही. सुलाबाईच्या लग्नाला सात वर्षं झाली होती.

हरिबा खाली मान घालून जेवायचा. ताटात काही टाकायचा नाही. सुलाबाई समोरच्या दारात उभी राहून बघत असायची. जेवून झालं की तो परसातून तिच्या दाराबाहेरच्या दगडावर जाऊन बसायचा. मग ती विचारायची, जेवलासा का आबा, आणि तो म्हणायचा, लय झ्याक. दर खेपेला हेच दोन शब्द. ती माझ्याकडे एकदा बघायची आणि आत जायची. त्या बघण्यात काय होतं ते मला कळायचं, पण मी पान लावायच्या नादात असल्याचं दाखवायचो.

एकदा मी हरिबाला खोदून विचारलं, की जेवण खरंच आवडतं का. तो जरा विचारात पडला. दुष्काळात खडी फोडायला होतो तेव्हा सरकारने वाटलेल्या सुकडीवर दिवस काढले, त्यापेक्षा हे बरंच म्हणायचं, असं त्याने सांगितलं. टोमणा नव्हता तो, मनापासून बोलला. मला कुठे तोंड लपवावं कळेना.

शहात्तरच्या थंडीत तो आला तेव्हा नाथाजीने सकाळची उसळ परत गरम करून वाढली होती. हरिबाने ती सगळी खाल्ली. तासाभराने तो त्या दगडाशेजारी भिंतीला धरून ओकत होता. अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. सुलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली आणि उंबऱ्यापाशी थांबली. बापाने हात वर करून तिला थांबवलं होतं. ती तशीच तांब्या धरून उभी, आणि शेवटी दादासोने माझ्या नळाचं पाणी माझ्या भांड्यातून आणून सासऱ्याला पाजलं. घरात भरलेला हंडा असताना. मी मोरीच्या दारातून हे बघितलं, आणि त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

पुढच्या खेपेला हरिबा येणार असल्याची चिठ्ठी दादासोला आली. तो यायच्या दिवशी सकाळीच सुलाबाई मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात टोपलं, त्यावर फडकं. खाली बाजरीच्या तीन भाकऱ्या, हुलग्याची आमटी आणि लसणाची चटणी. हे सगळं तुमच्या ताटात वाढा आणि आबांना काही सांगू नका, असं तिचं म्हणणं. मी सरळ नाही म्हटलं. म्हातारा इतकी वर्षं जे पाळत आलाय ते फसवून मोडायचं, हे पाप माझ्या माथी नको, असं बोललो. खरं तर माझ्या खानावळीचाही त्यात अपमान होता, आणि नाक मलाही होतं.

ती हलली नाही.

"पाप मला लागंल, भाऊ," ती म्हणाली. "सात वरसं झाली, माझा बाप माझ्या दारातनं उपाशी जातुया. तुमी निस्तं ताट म्होरं सारा."

टोपल्याचा काठ धरलेला तिचा हात मला दिसत होता. उजवी करंगळी वाकडी होती, लहानपणी मेंढराच्या दोरात अडकून मोडलेली. मी टोपलं घेतलं.

दुपारी हरिबा आला. त्या आजारपणानंतर तो वाळला होता. मी स्वतः वाढलं. माझंच ताट, माझ्याच वाट्या, काठावर खानावळीचं नाव कोरलेल्या. नाथाजीला काही बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं, तर तो दाराशी सावधानमध्ये उभा राहिला. एवढ्यानेच सगळं उघडं पडेल अशी मला धास्ती.

हरिबाने भाकरी उचलली आणि मोडली नाही. हातात फिरवून बघितली. तेव्हा माझ्याही ध्यानात आलं, की भाकरी एका कडेला जाड राहिली होती. थापताना वाकड्या करंगळीखाली तेवढी जागा दाबली जात नसणार. त्याने त्या जाड कडेवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसाच बसला.

आता हा ताट सारून उठणार, समोर ती दारात उभी, आणि मी दोघांच्या मधे. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने विचारलं, सैपाकी बदलला काय. मी म्हटलं नाही, नाथाजीच आहे.

"बरं हाय," एवढंच तो म्हणाला आणि जेवायला लागला.

त्याने तिन्ही भाकऱ्या खाल्ल्या. घाई नव्हती त्याला. चटणी बोटाने पुसून घेतली, आमटीची वाटी तोंडाला लावली. जाड कडेचा तुकडा त्याने शेवटी ठेवला होता, तोही खाल्ला. नेहमीसारखे पैसे ठेवले. मी ते घेतले, न घेऊन चालणार नव्हतं. मग पटका सारखा करून तो परसात गेला. मी ताट उचलायच्या निमित्ताने मोरीपर्यंत गेलो.

सुलाबाई दारातच होती. नेहमीचं तिने विचारलं, पण आवाज नेहमीचा नव्हता. जेवलासा का आबा.

हरिबा बोललाच नाही. लय झ्याक नाही की काही नाही. दगडावर बसलाही नाही. सुलाबाईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, कळलं आणि राग आला. मलाही तेच वाटलं, आणि सगळं माझ्यावर घ्यावं म्हणून मी एक पाय परसात टाकला.

हरिबाने वहाणा काढल्या. त्या दगडाशेजारी नीट जोडीने ठेवल्या आणि उंबरा ओलांडून तो आत गेला. सात वर्षांत पहिल्यांदा. चुलीशेजारी पाट होता, त्यावर बसला आणि वाढ म्हणाला.

सुलाबाईला काय करावं सुचेना. तिने एक भांडं उघडलं, दुसरं उघडलं. दोन्ही रिकामी.

"आबा, हितं काय बी न्हाई," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "समदं तिकडं धाडलं."

"ठावं हाय मला. तुझ्या हातची भाकरी म्या वळखंना व्हय? पानी दे मग."

ती रीतीचं काहीतरी पुटपुटली. अजून मूल नाही, असं म्हणाली असावी, मला नीट ऐकू आलं नाही. म्हाताऱ्याचं मात्र मी ऐकलं. त्याचा आवाज चढला होता, आणि राग कुणावर होता ते त्यालाच ठाऊक.

"ल्योक हुईल तवा हुईल. न्हाई झाला तर न्हाई. तू माझीच न्हवं का? पानी दे म्हंतुया न्हवं."

तिने हंड्यातून तांब्या भरला. तोच तो, थंडीत उंबऱ्यापाशी अडलेला. फडताळातून गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला, पाहुण्याला देतात तसा. हरिबाने गूळ तोंडात टाकला, तांब्या वर धरला आणि मधे न थांबता सगळं पाणी प्यायला. मग रिकामा तांब्या तिच्यापुढे केला. तिने तो परत भरला.

नाथाजी माझ्यामागे येऊन उभा होता. त्याने हरिबाच्या ताटात राहिलेला चटणीचा कण बोटावर घेऊन चाखला आणि आत गेला.

दुसरा तांब्या देताना सुलाबाईने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा तेच विचारलं. "जेवलासा का आबा?"

"व्हय," हरिबा म्हणाला. "आज जेवलो."

मी मोरीचं दार हळूच लावून घेतलं आणि त्याचं ताट घासायला बसलो.