चौथा खटका

लीड्सच्या काउबॉय क्लबात अवधूत दर शनिवारी मरायचा.

क्लबातल्या प्रत्येकाकडे स्वतःचं रिव्हॉल्व्हर होतं. म्हणजे जुन्या अमेरिकन हत्याराची नक्कल, नळी बुजवलेली, नुसता आवाज काढणारी. अवधूतकडे तेवढंही नव्हतं, आणि ज्याच्याकडे रिव्हॉल्व्हर नाही त्याने चकमकीच्या सुरुवातीलाच मरायचं, असा नियम होता. बाकीचे चहा-बिस्किटांपर्यंत लढत, एकमेकांना शिव्या देत, आणि हा चर्च हॉलच्या गार फरशीवर पडून. मढ्याशी कोण बोलणार? आठवडाभर तो हॉस्पिटलच्या आयटीचं काम घरूनच करायचा. तिथे त्याची आठवण फक्त पासवर्ड विसरलेल्यांना यायची. तेव्हा निदान शनिवारी चार माणसांत जिवंत राहावं, एवढीच त्याची इच्छा. 'अवधूत' कोणाच्या तोंडात बसेना म्हणून क्लबाने त्याचं 'डूड' केलं होतं. त्यालाही त्याची हरकत नव्हती. हाक मारली, हेच खूप.

अशात क्लबच्या ग्रुपवर जाहिरात आली: वापरलेलं सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, इटालियन बनावट, संपर्क मर्ल, हॅरो. क्लबचं कार्ड खिशात घालून अवधूत शनिवारी पहाटेच्या ट्रेनमध्ये बसला. कार्ड नसेल तर या देशात असली नक्कल भडक नारिंगी रंग फासूनच विकावी लागते, आणि नारिंगी रिव्हॉल्व्हर घेऊन लढण्यापेक्षा मेलेलं बरं.

दार उघडलं ते बिनबाह्यांच्या स्वेटरातल्या एका सावळ्या म्हाताऱ्याने. दोघांनी एकमेकांना न्याहाळलं, समोरचा गुजराती आहे असं मनोमन ठरवलं आणि कडक इस्त्रीच्या इंग्रजीत बोलायला सुरुवात केली.

"मे आय?"

"प्लीज."

अवधूतने सगळी परीक्षा इंटरनेटवरून पाठ केली होती. आधी गोळ्यांचं चक्र हलवून पाहिलं, खुळखुळत नव्हतं. मग घोडा. सिंगल अ‍ॅक्शन म्हणजे दर वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. ओढताना चार खटके आले पाहिजेत, आणि चौथ्याला चक्र जागच्या जागी घट्ट बसलं, की माल अस्सल. म्हणजे नक्कल अस्सल. चारही खटके आले, अगदी खणखणीत. पूर्ण ओढलेला घोडा त्याने पुढे ढकलून पाहिला. ढिम्म हलला नाही. मग तो हळूच, अंगठ्याने धरून खाली आणला.

शेवटी स्क्रू तपासले. खाचांमध्ये लालसर काहीतरी साचलेलं.

"रस्ट," अवधूत म्हणाला.

"दॅट इज नॉट रस्ट," मर्ल एकदम दुखावल्यासारखा म्हणाला.

अवधूतने नखाने कोरलं. बोटाला लाल पूड लागली. आता असं लाल बोट घेऊन माणसाने काय करावं? पँटला पुसावं. पण त्याचा हात त्याला न विचारताच वर गेला आणि कपाळाला टेकला.

म्हातारा बघतच राहिला.

"कुठला रे तू?"

"नागपूरचा."

"मग मघापासून इंग्रजीत काय मरतोयस! मी मुरलीधर. बस."

कुंकू मुरलीधरकाकांच्या बायकोचं, सुमनकाकूंचं होतं. दर दसऱ्याला त्या घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायच्या: कात्री, स्क्रू ड्रायव्हर, केर ओढणारा हूवर आणि हे.

"एकदा हूवरला हार घातला," काका म्हणाले, "तो त्याने स्वतःच गिळला."

"आणि हे नुसतं पूजेलाच?"

"छे. मी इथे बसून घोडा ओढायचो. चौथा खटका झाला, की ती किचनमधून ओरडायची, 'मेले बाई! आता चहा घ्या.'" काकांनी स्वेटर खाली ओढला. "गेल्या वर्षी गेली. आता वाजवलं तरी कोणी मरत नाही. म्हणून म्हटलं, विकून टाकावं."

अवधूतने रिव्हॉल्व्हर हळूच टेबलावर ठेवलं.

"घेऊन जा," काका म्हणाले. "पण तुमचा क्लब आधी साफ करायला लावेल. स्क्रू काढून, तेलात बुडवून. जे येतात ते सगळे आधी विचारतात, हे लाल निघेल ना?"

अवधूतने रिव्हॉल्व्हर पुन्हा हातात घेतलं. हे कमरेला असतं तर येत्या चकमकीत तो चहापर्यंत जगला असता. कोणीतरी "डूड, दूध किती?" विचारलं असतं. त्याने घोडा ओढला. एक, दोन, तीन, आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जावा असा चौथा.

"काका, चौथा नीट लागत नाही."

वर्षानुवर्षं तो खटका ऐकलेल्या माणसाने कान पुढे केला.

"नाही ना लागत?"

"नाही."

"दुरुस्त करावं लागेल मग."

"करा सावकाश. मी मधूनमधून येऊन तपासत जाईन."

"तपासायलाच पाहिजे," काका म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

निघताना अवधूत "येतो" म्हणाला. ट्रेनमध्ये त्याच्या लक्षात आलं, की या देशात आल्यापासून हा शब्द त्याने कोणाला म्हटलाच नव्हता.

संध्याकाळी तो ठरल्याप्रमाणे पहिल्याच गोळीला मेला. मारणारा वाकला आणि ओरडला, "बुलेट होल! ब्रिलियंट, डूड!" अवधूतला कपाळावरचं कुंकू आठवलं. क्लबात त्याच्या मरणाचं पहिल्यांदाच कौतुक होत होतं. मग सगळे लढायला पांगले आणि फरशी पुन्हा गार झाली.

खिशात फोन थरथरला. एक डोळा किलकिला करून त्याने पाहिलं. काकांचा मेसेज होता: पोचलास का?

मेलेल्या माणसाने उत्तर द्यायचं नसतं. अवधूतने अंगठा हलवला.

"डूड हलतोय!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळ्यांनी मिळून त्याला पुन्हा मारलं.

तोवर "पोचलो" गेलेलं होतं.