परतीची कडी

आज काही झालं तरी ताईंना, म्हणजे थोरल्या जावेला, सांगून टाकायचं, असं धाकटीने सकाळीच देवापुढे हात जोडून ठरवलं होतं. पण दुपारची जेवणं उरकली, फ्रेमच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून झालं, कामाचं मोठं टेबल पुसून लख्ख झालं, तरी ते सांगणं झालंच नव्हतं.

तशी गोष्ट आनंदाचीच होती. दुसऱ्या शहरातल्या एका संग्रहालयाने तिला जुनी चित्रं दुरुस्त करायच्या कामावर बोलावलं होतं. नवऱ्याच्याही हाताला तिथे काम मिळणार होतं. उद्या सकाळी हो की नाही ते कळवायचं होतं. पण ह्या घरात दोघे भाऊ, दोघी जावा, खाली दुकान आणि वर एकच चूल. ती कधी वेगळी मांडली जाईल हे थोरलीच्या स्वप्नातही नव्हतं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला आई नव्हती. तिचा हात हातात धरून चित्राभोवतीच्या माउंटच्या पुठ्ठ्याला तिरका काप द्यायला शिकवलं ते ताईंनी. आणि आता तेच शिकलेलं घेऊन चालू पडायचं?

"तूच सांग ना," तिने नवऱ्याला जिन्यात गाठून म्हटलं होतं.

"मी? वहिनी माझ्याकडे बघून नुसतं 'बरं' म्हणाल्या ना, तरी मी बांधलेली बॅग सोडीन."

तेव्हा ते तसंच राहिलं आणि रविवारचा खेळ सुरू झाला. हा खेळ नवऱ्यानेच घरात आणलेला. नियमांचं एक जाडजूड पुस्तक, मूठभर फासे. प्रत्येकाने अंतराळातलं एकेक पात्र व्हायचं आणि पुढे काय घडलं ते सूत्रधाराने सांगायचं. सूत्रधार अर्थात तोच. मागच्या रविवारी दगडांच्या माऱ्यात त्यांच्या यानाचा चुराडा झाला होता, म्हणून आज नवं बांधायला घेतलं होतं. यान म्हणजे सुट्या खोल्या एकमेकींना जोडून उभा केलेला संसार. प्रत्येक खोलीला तिचं वजन, आणि इंजिन ओढील तेवढंच सगळ्यांचं मिळून वजन. ह्या घरात खोली म्हणजे माउंटच्या उरलेल्या पुठ्ठ्याचा एकेक तुकडा.

थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, ताटाएवढं इंजिन कापून टेबलावर ठेवलं. "यान पळालं पाहिजे. बसायला जागा नसली तरी चालेल."

"तुमची पहिली स्कूटर अशीच होती," थोरली म्हणाली. तिने स्वतःकडे यानाचा मधला भाग घेतला होता, आणि त्यातला निम्माअधिक भाग कोठार होतं.

"वहिनी, इतकं धान्य? तुम्ही अंतराळात चाललाय की दुष्काळात?"

"भाऊजी, नियम तुमच्या पुस्तकात, जेवण माझ्या हातात. जपून बोला."

खोल्या जोडायच्या कड्या दोन जातींच्या होत्या. एकदाची कडी हलकी. संकटात तोडली की खोली सुटते, पण पुन्हा जुळत नाही. परतीची कडी जड; सुटते आणि परत लागते. एकदाच्या कडीला चिकटपट्टी आणि परतीच्या कडीला चित्र टांगायचा पितळी हूक, अशी ह्यांची आपली दुकानातली सोय.

धाकटीने आपला तुकडा पुढे सरकवला. राहायची खोली. तिच्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरांत सगळं लिहिलं होतं. दादाने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"स्वतःची हवा? का गं, यानाची हवा काय आंबली?"

"नाही दादा, असावी म्हणून..."

"आणि हे छोटं इंजिन. आणि कोपऱ्यात हे काय, ओटा?"

"ओटा तर माझ्याकडे आहे," थोरली म्हणाली.

नवरा पुस्तकात तोंड खुपसून बसला. धाकटीला वाटलं, हीच वेळ. तिने तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते एवढंच, "समजा, कधी लांब जावं लागलं तर."

थोरलीने तो पुठ्ठा उचलला, उजेडात धरला. ग्राहकाने आणलेलं जुनं चित्र ती असंच न्याहाळायची, कुठे डाग आहे, कुठे ओल आहे. मग तिचं बोट कडेला लावलेल्या पितळी हुकावर थांबलं.

"तोफ नाही घेतलीस. वजन शिल्लक होतं की तुझ्या वाट्याला."

"ते ह्या हुकात गेलं, ताई."

"तोफेऐवजी हूक!" दादाने कपाळावर हात मारला. "शत्रू आला की काय त्याला भिंतीला टांगायचा?"

नवऱ्याने पुस्तकातून डोकं वर काढलं. "पण हा हूक फुकट आहे. परतीची कडी दोन्ही खोल्यांना लागते. वहिनींच्या बाजूला सगळ्या एकदाच्याच आहेत."

"कोठाराला वजन हवं होतं," थोरली हळू आवाजात म्हणाली. "आणि कुणाला सुटून जायचं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

तिने धाकटीचा पुठ्ठा आपल्याला जोडला, चिकटपट्टी दाबली आणि ओढली. पट्टीबरोबर दोन्हीकडचा वरचा कागद सोलून आला. त्या पांढऱ्या ओरखड्यावरून तिने अंगठा फिरवला, आणि उठून आतल्या फळीकडे गेली.

रागावल्या, धाकटीच्या मनात आलं. संपलं सगळं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटले होते.

थोरली आली ती हातात कटर आणि पितळी कडी घेऊन. बसली. टेबलावरची फूटपट्टी धरली आणि कोठाराचा चांगला मोठा भाग एका रेघेत कापून बाजूला टाकला.

"अगं, अगं! रसद कमी पडेल!" दादा म्हणाला.

"पडू दे. एक वेळ जेवू." सुटलेल्या वजनात तिने कडी बसवली, ओरखड्याच्या शेजारी. "घे. लावून बघ."

धाकटीने हूक कडीत घालून पाहिला. पहिल्यांदा हूक निसटला, मग लागला.

"आता सोड."

तिला सोडवेना.

"सोड की गं, बयो. परत लावायचाच आहे ना?"

मग मात्र धाकटीला रडू फुटलं, आणि रडता रडता संग्रहालय, चित्रं, उद्याचं उत्तर, सगळं उलटसुलट बाहेर पडलं. थोरलीने पदराने आधी तिचं नाक पुसलं, मग स्वतःचे डोळे.

"आज मी रागावणार आहे. उद्याही कदाचित," ती म्हणाली. "तू मनावर घेऊ नकोस. सकाळी हो म्हणून कळव."

दादा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. "म्हणजे हे यानाचं नाही चाललंय?"

"नाही हो."

त्याने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "मग रविवारी सूत्रधार कोण?"

"रविवारी येतील. कोठार काय उगाच कापलं मी?"

धाकटीने हूक काढला. पुठ्ठा टेबलाच्या पार त्या टोकाला, गोंदाच्या डब्यापर्यंत नेला, आणि सगळ्यांच्या देखत हळूहळू परत आणला. ह्या खेपेला हूक पहिल्याच झटक्यात लागला.

"टाका फासे, भाऊजी," थोरली म्हणाली.