डाव्या पायातली सुई

या मायबाप, जरा पुढे सरकून बसा. भातकुलीकडच्या एका गावातली गोष्ट सांगतो. पाय मोडलेल्या माणसाची आहे, पण पायाहून जास्त दुसरंच काही मोडलं, ते ऐका.

देवळासमोरचा मांडव भरला होता. पुंजाराम महाराजांनी कीर्तन मध्येच थांबवलं आणि एक एक्स-रे दिव्यापुढे धरला. गुडघ्याखालचं हाड वरच्या टोकाला चिरलेलं, एक कड खचलेली.

"डॉक्टर म्हणे पट्टी ठोकू, स्क्रू मारू. अरे, माणूस हाय का दरवाजा?"

गर्दी हसली. महाराजांनी दुसरा एक्स-रे धरला. हाड अखंड.

"तीन हप्ते नुसता अंगारा. ना सुरी, ना टाका."

बाया डोळे पुसू लागल्या.

ज्यांचा हा पाय, ते खुशालराव पुढेच खुर्चीवर होते. वीस वर्षं ते महाराजांमागे झांज वाजवत. रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाय, आडवी येऊन मोटरसायकल पडली आणि उजवा पाय मोडला. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पायांचे एक्स-रे फोटो काढले.

"चांगल्याचा काहून?" खुशालरावांनी विचारलं होतं.

"खचलेलं हाड किती वर उचलायचं, ते चांगल्या पायावरून कळतं, काका."

शुभकार्य असो की ऑपरेशन, कागद आधी महाराजांच्या पायाशी ठेवायचा, ही घरची रीत. फोटोंचं पाकीट ठेवलं. महाराजांनी ते ठेवूनच घेतलं आणि ऑपरेशन नको म्हणाले.

पाय अजून टेकत नव्हता. "आपलाच भाव कमी पडला," असं खुशालराव सकाळी सुनेला म्हणाले होते.

आता त्या दुसऱ्या फोटोत त्यांना एक बारीक, तिरपी, पांढरी रेघ दिसली. लहानपणी गोधडीची सुई पायात मोडली, टोक आतच राहिलं. डॉक्टरीणबाई ते पाहून हसल्या होत्या.

"महाराज," ते हळू बोलले, "हा माहा डावा पाय हाय. सुई डाव्यात हाय."

महाराज अडखळले नाहीत. "देवाची लीला, खुशालराव. दुखणं नेलं, सुई इकडं आणली."

सून साधना उठली. "मंग डाव्यात नसन ती. डोमाजीबुवा, पाहा बरं हात लावून."

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या डोमाजींनी खुशालरावांची डावी नडगी चाचपली. "हाय बा. इथंच टोचून राहिली."

साधनानं दोन्ही फोटो हातात घेतले. "तारीख एकच हाय दोन्हीवर. पडल्या दिवसाची. आन मामाजीचा उजवा बरा झाला असन, तर करा त्यायले उभं."

महाराजांनी मृदंगाकडे हात केला. मृदंग वाजला नाही.

"तुमी मागतला असता, तर पाय दिला असता मी," खुशालराव म्हणाले. "मांडव भराले माह्याशी खोटं काहून बोलले?"

ऑपरेशन झालं. हाड वाकडंच जुळू लागलं होतं, ते पुन्हा सोडवावं लागलं. नंतरच्या फोटोत पट्टी दिसते, स्क्रू दिसतात. डॉक्टरीणबाईंनी शेजारी डाव्याचा फोटो धरला.

"हाडाच्या कडेला थोडा खड्डा राहिला, काका. तीन आठवडे आधी यायला हवं होतं."

कीर्तन माझाही जीव की प्राण आहे, म्हणूनच सांगतो. बुक्का कपाळाला लावा, हाड डॉक्टरला दाखवा. चमत्कार दाखवणाऱ्याला तारीख विचारली, म्हणून देव रागावत नाही.

आणि कुठं झांज कानी पडली, तर आमच्या खुशालरावांची आठवण ठेवा. ते देवावर रुसले नाहीत. अजून वाजवतात, खुर्चीवर बसून.